परगावचा घास

ताट वाढून झाकून ठेवलं आणि मी ओटीवर येऊन रस्त्याकडे बघत बसले. रस्ता म्हणजे देवळापासून खिंडीपर्यंत जाणारी तांबडी वाट. तिच्यावर एक कोंबडी होती, आणि ती आमच्याच गावची होती.

"अगो, कोण येणार आहे आता?" हे म्हणाले. "खोदाईवाले कालच टेम्पो भरून गेले. आता तांबडकोंडात परगावचं माणूस यायचं म्हणजे मतं मागायला, नाहीतर वाट चुकून."

"येईल कुणीतरी."

"आणि नाही आलं तर?"

"तर नाही जेवणार."

हे उठले. आत गेले, जेवले, हात पुसत बाहेर आले आणि तेही माझ्या शेजारी बसून रस्त्याकडे बघायला लागले. पोट भरलेल्या माणसाला जितकी वाट बघता येते, तितकी त्यांनी बघितली. मग झोपले.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिन्यात एखादा नेम धरायचाच, हे मला माहेरून आलेलं. कुणी दीपदान करतं, कुणी एकभुक्त राहतं. मी तालुक्याच्या गुरुजींपुढे हातावर पाणी सोडून संकल्प केला, की महिनाभर रोज परगावच्या एका माणसाच्या मुखी माझ्या हातचा घास पडल्याशिवाय मी घास घेणार नाही. गुरुजींनी पंचांगावरून नजर वर केली. म्हणाले, "बाई, तुमच्या कोंडावर एवढी माणसं येतात?" तेव्हा येत होती. इंटरनेटची लाईन टाकणारी माणसं आमच्या देवळाच्या पडवीत उतरली होती. एकाला बोलवावं तर सहा यायची आणि भाताचं पातेलं निपटून जायची. मला वाटलं, देवानेच सोय केली. काम इतक्या लवकर संपेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सरकारी काम होतं.

पण संपलं. खिंडीतून खांबांवरनं काळी तार आली, ग्रामपंचायतीच्या खोलीत एक पेटी बसली आणि पेटीत हिरवा दिवा लागला. आमचे सरपंच अनंत खापरे यांनी पेटीला हार घातला आणि नारळ फोडला, तो पेटीवरच फोडायला निघाले होते म्हणून ह्यांनी हात धरला. हे ग्रामपंचायतीचे शिपाई. खोलीची किल्ली ह्यांच्या कनवटीला. आणि आम्ही गुरव, म्हणून देवळाचीही. तारेत म्हणे काचेचा धागा असतो आणि त्यातून उजेड धावतो. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. उजेड येतोय तर चांगलंच आहे.

त्या झाकल्या ताटाच्या दिवशी संध्याकाळी शेजारची दर्शना आली. जोगळ्यांची मुलगी. बाप नाही, आई अर्धांगाने दोन वर्षं अंथरुणावर. पोरगी बीकॉम झालेली, पण आईला सोडून जाणार कुठे? मामा नालासोपाऱ्याला बोलवत होता, "तू ये, तिला बघायला बाई ठेवू" म्हणत होता. कुठली बाई आणि कुठलं ठेवणं.

"काकू, आलं बोलावणं!" ती दारातूनच म्हणाली. "पुण्याची कंपनी आहे. लोकांचे फोन घ्यायचे, मराठीतून बोलायचं, त्यांच्या अडचणी लिहून घ्यायच्या. घरी बसून! मुलाखत पण संगणकावरच. अमावास्येला, साडेअकराला."

"अधिकाच्या शेवटच्या दिवशी," मी म्हटलं. "देवाचा दिवस आहे. मिळेल."

"फक्त लाईन राहायला हवी. त्यांनी लिहिलंय, बोलता बोलता लाईन गेली तर तिथेच संपलं. घरून काम करायचं तर लाईन पक्की पाहिजे ना त्यांना." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही जेवलात?"

मी हसले.

"म्हणजे कुणी आलंच नाही?"

"येईल उद्या."

दुसऱ्या दिवशीही नाही आलं. मला उपासाची सवय आहे, पण त्या दिवशी देवळाच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी नंदीला धरून उभी राहिले. भागाबाय, म्हणजे सरपंचांची आई, पाठीमागून येत होती. तिने बघितलं. ती बघते ते गावभर होतं.

तिसऱ्या दिवशी मी नैवेद्य दाखवून उठले आणि हे धापा टाकत आले. म्हणाले, "लाईन गेली."

"अरे देवा. दर्शनाची मुलाखत!"

"तिला अवकाश आहे. मी तक्रार करून आलो. माणूस येतोय तालुक्याहून." आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसत म्हणाले, "परगावचा आहे."

तक्रार करायची म्हणजे वरच्या कातळावर चढावं लागे. मोबाईलला रेंज तिथेच. एका पायावर उभं राहून तोंड खिंडीकडे केलं की बरं ऐकू यायचं. ह्यांनी त्या महिन्यात तो कातळ जितका चढला, तितका उभ्या जन्मात चढला नसेल.

दुपारी मोटारसायकलवरून एक तरुण मुलगा आला. पाठीला पिशवी, हातात एक पेटी. खांबावर चढला, उतरला, पेटीत तार घालून काहीतरी जोडलं, आणि हिरवा दिवा लागला. हात धुऊन निघणार तर मी ताट घेऊन ओटीवर उभी.

"नाही काकू, मी खाऊन आलो."

"दोन दिवस उपाशी आहे ती," हे म्हणाले. "तू जेवलास तर जेवेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बूट काढले.

त्याचं नाव मंगेश तायडे. अकोल्याकडचा. तालुक्याला एकटा खोली घेऊन राहायचा. त्याला मी भात, वरण, कोवळ्या फणसाची भाजी, सोलकढी असं वाढलं. तो जेवला, आणि त्यानंतर मी. मी देवाला मनापासून हात जोडले. लाईन गेली हे वाईटच, पण एकदाच गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

"उंदीर," हे म्हणाले.

त्याच्या पुढच्या दिवशी खापऱ्यांच्या गुरांच्या गाडीवरचा पेंढा तारेला लागला. मग कुणाचीतरी बकरी आली. मग माकडं. मग एकदा म्हणे खेकडा. हा खेकडा खांबावर कसा चढला ते मी विचारलं नाही. सकाळी मला विचारता येत नाही. पहाटे उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत माझं मौन असतं. लग्न झाल्यापासूनचं आहे. आणि लाईन नेमकी जायची ती त्याच सुमारास, मी पाटावर असताना. नैवेद्य होऊन तोंड उघडेपर्यंत हे कातळावरून उतरलेले असायचे आणि तायडे वाटेला लागलेला असायचा. मला वाटायचं, केवढी ही कृपा. कुणाला चुलीजवळ बसून पाहुण्याची वेळसुद्धा आधी कळते का?

तायडेला मात्र शंका यायला लागली होती.

"काकू, तुमच्या गावचे उंदीर लय शिकलेले आहेत जी," तो एकदा जेवताना म्हणाला. "आमच्याकडे उंदीर कुरतडते. तुमचे कातरून राहिले. एकदम सरळ."

"कोकणातले आहेत," हे म्हणाले. "नीटनेटके."

"आणि दर वेळी देवळाजवळचाच खांब कसा काय? एवढी तार आहे खिंडीपासून."

"प्रसादाचा वास येतो त्यांना. तू भात घे."

मी त्याला भात वाढला. तो पोटावर हात ठेवून म्हणाला, "काकू, पाया पडतो, नारळ कमी घाला. तुम्ही एका आमटीत जेवढं खोबरं टाकता, तेवढ्यात आमच्या इकडे लग्न होते. आणि एखाद्या दिवशी लसूण?"

"अधिकात चालत नाही रे."

"हा महिना संपते कधी?"

"अमावास्येला."

"दर्शनाताईची मुलाखत आहे त्या दिवशी?"

"हो. त्या दिवशी तुझी लाईन सांभाळ हो."

"मी कायची सांभाळतो," तो अनारसा मोडत म्हणाला. "उंदरांना सांगा."

त्याची पँट त्या महिन्यात त्याला होईना. एकदा तर येऊन ओटीवर आडवाच झाला. म्हणाला, "ऑफिसात साहेब विचारून राहिले, एकाच गावात रोज काय बिघडते? मी काय सांगू? बाई जेवत नाही म्हणून?" पण येत राहिला. खोलीवर तो एकटा, रोज वडापाव. आणि मला वाटतं, समोर कुणी बसून "घे, अजून घे" म्हणणं हे त्याला नारळापेक्षा जास्त भावत असावं. तसं तो कधी बोलला नाही. उलट दर वेळी ताट बघून "अरे बाप्पा" म्हणायचा.

दर्शना मात्र वाळत चालली होती. रोज दुपारी लाईन आली की ग्रामपंचायतीच्या खोलीत जाऊन बोलण्याचा सराव करायची. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं की तिची अंथरुणावरची आई, जिला दोन शब्द धड बोलता येत नसत, तीसुद्धा पाणी हवं असलं की "नमस्कार" म्हणायला लागली.

आता मला आमच्या देवळाची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे दिव्याच्या तेलाची घरागणिक पाळी असते. ज्या घराची पाळी, त्याने त्या दिवशी तेल घालायचं, वात बघायची. लिहून कुठे ठेवत नाहीत. एक पितळी पळी आहे. ती आज ह्या घरी, उद्या पुढच्या घरी. पळी ज्याच्या खुंटीला, पाळी त्याची. त्या महिन्यात मी भागाबायकडे ताक द्यायला गेले, तर खुंटीला पळीच्या शेजारी एक पक्कड टांगलेली होती. तार कापायची. मला वाटलं, सरपंचांची असेल. पुढे एकदा ती पक्कड मी पळीसकट दुसऱ्या घरी बघितली. तेव्हा वाटलं, यांनी तशीच घेतली असेल. माणूस उपाशी नसला की फार विचार करत नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दर्शना आली. तिने ओटीवर पळी ठेवली आणि तिच्या शेजारी पक्कड ठेवली.

"काका," ती ह्यांना म्हणाली, "उद्या आमच्या घराची पाळी आली."

हे पटकन उठले. "मग तेल घाल की. तेल संपलंय का? मी देतो."

"तेलाचं नाही म्हणत."

"दर्शना, तू घरी जा. आपण उद्या बोलू."

"उद्या काय बोलू? उद्या माझी मुलाखत आहे! भागाबाय म्हणते पाळी चुकवायची नसते, देवाचं असतं. सरपंच म्हणतात मुलाखत होईपर्यंत थांब, मग तोड. पण मग तायडे येणार तिन्हीसांजेला, आणि काकू तोवर..." ती माझ्याकडे वळली आणि तिने जीभ चावली.

मी पक्कड उचलली. जड होती. दातांत काळ्या वेष्टनाचा तुकडा अडकला होता.

"हे काय आहे?" मी ह्यांना विचारलं.

हे वाशांकडे बघत होते. घरात वाशांकडे बघायला लागले की समजावं.

"पहिल्या दिवशी मीच," ते म्हणाले. "तू नंदीला धरून उभी होतीस, भागाबायने सांगितलं. मला दुसरं काय सुचणार? परगावचं माणूस आणायला माझ्याजवळ काय आहे? एक किल्ली आहे आणि एक तक्रारीचा नंबर."

"आणि मग?"

"मग भागाबाय म्हणाली, एकट्या गुरवाने का पाप घ्यायचं? दिव्यासारखी पाळी लावा. सगळ्यांच्या अंगावर थोडं थोडं येऊ दे."

"सगळं गाव?"

"सगळं गाव. सरपंचसुद्धा. त्यांनी दोनदा तोडली, एकदा पाळी नसताना."

मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. महिनाभर मी देवाला म्हणत होते, तुझी कृपा. आणि तो समईपलीकडून ऐकत होता. मी दर्शनाला विचारलं, "जोगळ्यांची पाळी याआधी पण आली असेल ना?"

"एकदा आली."

"तेव्हा कुणी तोडली?"

"आमच्या घरात दुसरं आहे कोण?" ती म्हणाली. "मीच."

"तू? तुझी लाईन?"

"तुम्ही जेवला नसतात ना काकू," ती म्हणाली, जणू मी काही भलतंच विचारलं होतं.

मी ती पक्कड देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पाठीमागे ठेवली. "उद्या कुणी तोडायची नाही," मी म्हटलं. "उद्या मी जेवणार नाही."

"उद्या उद्यापन आहे गो," हे कळवळून म्हणाले. "शेवटचाच दिवस राहिला, तर महिनाभराचा नेम पाण्यात."

"राहू दे पाण्यात. पाण्यावरच सोडला होता."

अमावास्येला पहाटे उठले. आंघोळ करून फुलं काढत होते, तर खिंडीकडून धडधड पाय वाजले. अनंत सरपंच पळत येत होते. सरपंच पळताना मी निवडणुकीतसुद्धा बघितले नव्हते.

"लाईन गेली! कुणी तोडली? शिरपतने तोडली?"

शिरपतचं घर जोगळ्यांच्या पुढचं, म्हणजे पुढची पाळी त्याची, पण त्याने नाही तोडली. कुणीच नाही. सगळं गाव देवळापाशी जमलं आणि सगळे एकमेकांना पहिल्यांदाच खरं सांगायला लागले, त्यामुळे कुणाचाच कुणावर विश्वास बसेना. मग भागाबायने हात वर करून दाखवलं. खिंडीतल्या तिसऱ्या खांबावर तार तुटून लोंबत होती आणि तिला धरून एक माकड झोके घेत होतं. त्याची पोरं खाली रांगेत बसली होती.

"महिनाभर त्याचं नाव घेतलंत," भागाबाय म्हणाली. "आलं."

दर्शना नवा ड्रेस घालून उभी होती. केस विंचरलेले, कपाळाला टिकली. ती रडत नव्हती. नुसती त्या माकडाकडे बघत होती.

सगळे कातळावर गेले. मीही गेले. माझं मौन होतं, पण पाय चालत होते. ह्यांनी एका पायावर उभं राहून फोन लावला.

"तायडे, लाईन गेली. खरंच गेली."

फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आलं. "काका, आज मले उपास आहे."

"अरे, जेवायला नाही बोलवत!"

"काल पण नव्हते बोलवत. साहेबांनी सांगितलं, त्या गावाची तक्रार आता आठ दिवस घ्यायची नाही. काय झालं आज? खेकडा?"

"माकड!"

"माकड झालं आहे काका. दोनदा झालं."

सरपंचांनी फोन ओढला. "तायडे, मी सरपंच बोलतोय. आईशप्पथ सांगतो."

"सरपंच, मागच्या बुधवारी पण तुम्ही आईचीच शपथ घेतली होती."

भागाबायने मुलाकडे बघितलं. सरपंचांनी फोन लगेच शिरपतच्या हातात दिला. शिरपतने पोराबाळांची घेतली. तायडे पलीकडून म्हणाला, "लय चांगली माणसं आहात तुम्ही. पण माझी पँट होत नाही."

दर्शना खाली दगडावर बसली. तिने टिकली काढली आणि बोटावर चिकटवून ठेवली, पुन्हा लागेल म्हणून असेल, नाहीतर नाही लागणार म्हणून.

मी हात पुढे केला. शिरपत बावरला. मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "तायडे."

कातळावर कुणी हललं नाही. इतक्या वर्षांत माझा सकाळचा आवाज ह्यांनीसुद्धा ऐकला नव्हता.

 तायडे म्हणाला, "काकू? नैवेद्य झाला?"

"नाही."

"मग तुम्ही बोलून कशा राहिल्या?"

"खरंच माकडाने तोडली. दर्शनाची मुलाखत आहे साडेअकराला." मला मोठ्याने बोलता येत नाही, वारा होता, म्हणून मी फोन तोंडाशी धरला. "मी आज चूल पेटवलेली नाही, तायडे. पेटवणारही नाही. तू आलास तर तांब्याभर पाणी देईन. जेवायला देणार नाही."

"जेवायला नाही?"

"नाही."

"अनारसा?"

"काही नाही."

"निघालो," तो म्हणाला.

तो आला तेव्हा सगळं गाव तिसऱ्या खांबाखाली उभं होतं. बायकांनी थाळ्या वाजवून माकडांना फणसाकडे पिटाळलं होतं. शिरपतने खांबाला शिडी लावून धरली होती. सरपंचांनी स्वतः छत्री धरली, पाऊस नसताना. तायडे वर चढला, तारेचं तोंड बघितलं आणि वरूनच ओरडला, "अरे! हे तर कुरतडलेलं आहे!" इतक्या आनंदाने त्याने ते सांगितलं, की आम्हालाही काही चांगलं घडल्यासारखं वाटलं.

ग्रामपंचायतीच्या पेटीत हिरवा दिवा लागला तेव्हा दर्शना संगणकासमोर बसलेलीच होती. मी तिच्या मागे, दाराशी. बाकीचे खिडक्यांबाहेर. समोर पडद्यावर चष्मेवाल्या एक बाई आल्या. त्यांनी नाव, गाव, शिक्षण विचारलं. एक फोन आलाय असं समजून बोलायला सांगितलं. दर्शना म्हणाली, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" आणि पंचायतीला लागूनच असलेल्या जोगळ्यांच्या घरातून तिच्या आईने "नमस्कार" म्हणून ओ दिली. बाईंनी "घरात कोण आहे?" विचारलं. दर्शनाने आईचं सगळं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "तुमचं बोलणं छान आहे. पण मला एकच काळजी आहे. इतक्या आतल्या गावात लाईन टिकते का? आमच्याकडे मध्येच लाईन गेलेली चालत नाही. खरं सांगा."

खिडकीबाहेर सगळे गजांना चिकटले. तायडे दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने डोळे मिटले.

दर्शना खोटं बोलत नाही. तिला येतच नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्या गावात लाईनीची घरागणिक पाळी असते."

"म्हणजे?"

"देवळातल्या दिव्यासारखी. रोज एका घराने लाईनीकडे बघायचं. महिनाभर चालू आहे. एकही घर आपली पाळी चुकलेलं नाही."

बाईंनी चष्मा काढला. "सगळं गाव?"

"सगळं गाव. सरपंचसुद्धा."

"असं मी शहरातही ऐकलं नाही," बाई म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. "सोमवारपासून सुरू कराल?"

तायडेला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. भागाबायने खिडकीतून आत हात घालून त्याच्या पाठीत गुद्दा मारला.

सगळे दर्शनाला घेऊन देवळात गेले. मी घरी आले. देवापुढे गुळाचा खडा ठेवला, तेवढाच नैवेद्य. चूल थंड होती. अधिकाच्या अमावास्येला माझ्या घरात चूल थंड, असं कधी झालं नव्हतं. तायडे हातपाय धुऊन ओटीवर आला. मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. सांगितलं होतं तेवढंच.

तो पाणी प्यायला. मग त्याने पिशवीतून डबा काढला.

"आज जेवायला नाही म्हणून तुम्ही सांगितलं, मग मी बांधून आणलं," तो म्हणाला. "सकाळीच स्वतःपुरती थापली होती. ज्वारीची भाकर." तो झाकण काढता काढता थांबला. "काकू, तुमचा नेम तो कसा होता? परगावच्या माणसाच्या मुखी घास?"

"हो."

"मी खाल्लं की झालं मग?"

"माझ्या हातचा हवा होता रे. ही तुझी भाकर."

त्याने विचार केला. मग डबा उचलून माझ्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः भिंतीला टेकून, मांडी घालून बसला. "वाढा मग," तो म्हणाला.

मी आत जाऊन ताट आणलं. ताटाभोवती पाणी फिरवलं. त्याचीच भाकर त्याला वाढली, वर त्याचाच ठेचा. तो एक घास खाऊन "अरे बाप्पा" म्हणाला, आणि पहिल्यांदाच ते शब्द मला वेगळे वाटले. मग उरलेली अर्धी भाकर त्याने माझ्यापुढे धरली.

"आता तुमचं. पण काकू, ठेच्यात लसूण आहे. लसणाशिवाय आमच्याकडे ठेचा होत नाही. भाकर कोरडी खा."

हे दारात येऊन उभे होते. देवळात घंटा वाजत होती. दर्शनाच्या नावाने कुणीतरी नारळ फोडला. पळी आणि पक्कड आज जोगळ्यांकडे न जाता आमच्याच घरात राहिल्या होत्या, एक कोनाड्यात, एक देवाच्या पाठीमागे. पुढे ती पक्कड गावाने मला परत मागितली नाही. पाळी मात्र चालू राहिली. रोज एक घर तार बघत खिंडीपर्यंत जाऊन येतं, हातात थाळी घेऊन, माकडांसाठी. पंचायतीतून जोगळ्यांच्या घरापर्यंत तार आली, आणि दर्शना अजून तिच्या आईच्या उशाशी बसून "नमस्कार" म्हणते, आणि आई ओ देते.

मी भाकरीचा तुकडा मोडला. ठेच्याला लावला. तायडे म्हणाला, "काकू, लसूण."

"हो," मी म्हटलं, आणि खाल्ला.